घरी शिकणाऱ्या लहान मुलासाठी भाषा आणि विज्ञानाचा अभ्यासक्रम कसा निवडावा : सीमाभागातल्या पालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मे महिना लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे पालक विचारू लागतात, "यंदा मुलाला घरीच शिकवायचं ठरवलंय, पुस्तकं कुठली घेऊ?" खोदून विचारलं की कळतं, एखादा महागडा इंग्रजी संच कुरिअरनं घरी येऊनही पडला आहे. खरं तर पुस्तकं घेणं हे या कामातलं शेवटाकडचं पाऊल. ते पहिलं टाकलं की पुढचं सगळं उलटंपालटं होतं. मूल एकाच वेळी तीन लिप्यांत अडकतं, विज्ञानाच्या नावाखाली बर्फ आणि पेंग्विन पाठ करतं, आणि दोन-तीन वर्षांनी शाळेत घालायची वेळ आली की कन्नडचा एक शब्दही वाचता येत नाही.

म्हणून हा क्रम. मूल पाच ते आठ वर्षांचं, म्हणजे पहिली ते तिसरीच्या वयाचं आहे, असं धरलं आहे. गणित यात घेतलेलं नाही.

## पूर्वतयारी

दोन वह्या आणा, एक रेघी आणि एक कोरी. मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्डाच्या प्रती एका फाईलमध्ये लावा. मग घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून दोन गोष्टी ठरवा : रोज मुलाला मोठ्यानं वाचून कोण दाखवणार, आणि कन्नड कोण बोलणार. आईबाबांना कन्नड येत नसेल तर शेजारच्या काकू, गल्लीतले दुकानदार, आत्याच्या घरची माणसं यांच्यापैकी कुणाशी रोज बोलणं होईल, त्याचं नाव लिहा. माणूस ठरला नसेल तर कन्नडचं पुस्तक आणून उपयोग नाही.

## पायरी १ : मूल पुढे कुठल्या शाळेत जाणार, ते आधी लिहा

लहान वयात घरी शिकलेली बरीच मुलं कधी ना कधी शाळेत जातात किंवा परीक्षेला बसतात. तो दरवाजा कोणता, हे कळल्याशिवाय भाषा ठरत नाहीत. आपल्या भागात पर्याय साधारण असे आहेत.

कर्नाटक बोर्ड, मराठी माध्यम. राज्याची पाठ्यपुस्तकं मराठी माध्यमातही निघतात. मराठी पहिली भाषा, सोबत कन्नड आणि इंग्रजी. दहावीला पहिल्या भाषेला १२५ गुण आणि बाकीच्या विषयांना १०० असतात, त्यामुळे पहिली भाषा पक्की असण्याचं महत्त्व शेवटपर्यंत राहतं.

कर्नाटक बोर्ड, कन्नड किंवा इंग्रजी माध्यम. इथं कन्नड वाचन-लेखन लवकर लागेल. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानं राज्यातल्या शाळांत कन्नड ही एक भाषा म्हणून शिकवणं सक्तीचं केलं आहे. हा दरवाजा निवडला तर कन्नड 'नंतर बघू' म्हणता येत नाही.

सीबीएसई. इंग्रजीवर भर आणि एनसीईआरटीची पुस्तकं. बदलीच्या नोकरीतल्या घरांना हा मार्ग सोयीचा पडतो.

महाराष्ट्र बोर्ड. निपाणीला कागल जवळ, बेळगावच्या पश्चिम भागातल्या गावांना चंदगड जवळ. तिकडे जाणं पक्कं असेल तर बालभारतीची पुस्तकं मुख्य धरा. तिथं इंग्रजी पहिलीपासूनच असते. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, आपल्याकडे मेअखेर-जूनच्या सुरुवातीला.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तीन स्तर आहेत : 'अ' तिसरीच्या बरोबरीचा, 'ब' पाचवीच्या आणि 'क' आठवीच्या.

कायद्याची बाजूही इथंच समजून घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ मधल्या कलम १० नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. त्यासाठी पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, पण घरच्या शिक्षणाला मान्यता देणारं वेगळं कलमही नाही. तुमच्या कामाचं कलम आहे चौथं : शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. बेळगाव जिल्ह्याचे शिक्षण खात्यासाठी बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. खानापूर पहिल्यात येतं, निपाणी दुसऱ्यात. आपल्या तालुक्याचं क्षेत्र शिक्षणाधिकारी कार्यालय कुठं आहे, हे आत्ताच माहीत करून ठेवा.

> तपासा : वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहिता आलं पाहिजे. उदाहरणार्थ, "तिसरीनंतर कर्नाटक बोर्ड, मराठी माध्यम." दोन पर्याय मनात असतील तर दोन्ही लिहा आणि दोन्हींत लागणाऱ्या भाषांखाली रेघ मारा. वाक्य लिहिता येत नसेल तर दुसऱ्या पायरीवर जाऊ नका.

## पायरी २ : मूल कुठल्या भाषेत काय करतं, ते आठवडाभर ऐका

सीमाभागातल्या मुलाला 'मातृभाषा कोणती' हा प्रश्न पुरत नाही. आजीशी मराठी, गल्लीतल्या पोरांशी कन्नड-मराठीची सरमिसळ, कार्टून हिंदीत, आणि खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत घरी कोकणीसुद्धा असते. आठवडाभर काही न शिकवता ऐका आणि लिहा : मूल भांडतं कुठल्या भाषेत, हट्ट कुठल्या भाषेत करतं, एकटं खेळताना स्वतःशी काय बोलतं. स्वतःशी बोलायची भाषा बहुधा त्याच्या विचाराची भाषा असते. तिथूनच वाचनाची सुरुवात करणं सोपं जातं.

मग चार लहान गोष्टी करून घ्या, परीक्षेसारख्या न करता, चालता-बोलता.

१. एखादं भरगच्च चित्र दाखवा, बाजाराचं किंवा शेताचं. "यात काय चाललंय?" विचारा आणि गप्प राहा. किती वाक्यं येतात, वाक्यं एकमेकांना जोडली जातात का, ते पाहा.

२. दोन कामं एका दमात सांगा : "आधी खिडकी लाव, मग माझा चष्मा आण." क्रम पाळला जातो का?

३. "कमळ या शब्दात पहिला आवाज कुठला? शेवटचा कुठला?" हे तोंडी विचारा, अक्षर न दाखवता. आवाज वेगळे ऐकू येत नसतील तर अक्षरं शिकवायला घाई करू नका. पंधरा दिवस यमकांचे, भेंड्यांचे खेळ खेळा.

४. काल सांगितलेली गोष्ट आज त्याच्याकडून ऐका.

> सावधान : मूल "काय करालाईस?" किंवा "बाबा जेवालाय" म्हणालं तर ते चुकीचं मराठी ठरवू नका. ते आपल्या भागाचं मराठी आहे आणि त्याला स्वतःचं व्याकरण आहे. "तसं नाही, 'काय करतोयस' म्हण" असं दर वाक्याला टोकलं की मूल बोलणंच कमी करतं, आणि बोलणं कमी झालं की वाचनाचा पायाच खचतो. पुस्तकात 'बाबा जेवत आहेत' असं येईल तेव्हा सांगा, "पुस्तकात असं लिहितात, घरी आपण तसं बोलतो." मुलं हा फरक सहज सांभाळतात.

## पायरी ३ : वाचायला शिकायची भाषा एकच ठरवा

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात. उत्साहाच्या भरात पालक जूनमध्ये देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्या एकदम सुरू करतात. बोलण्याच्या पातळीवर मूल तीन भाषा आनंदानं पेलतं, त्या थांबवूही नका. वाचण्याची गोष्ट निराळी आहे. खुणेवरून आवाज ओळखणं ही एक नवी युक्ती आहे. ती एका लिपीत हातात बसली की दुसऱ्या लिपीत फक्त खुणा बदलायच्या राहतात.

मराठी आणि कन्नडची एक अडचण इथं नेमकी कळायला हवी. मराठीत 'घर' लिहितो आणि शेवटचा 'अ' गिळतो. कन्नडमध्ये झाडाला 'मर' म्हणतात आणि तिथं शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारतात. शिवाय कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए', ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ' यांना वेगळी अक्षरं आहेत. मराठीत तसा भेद नाही. जोडाक्षरात कन्नडचा दुसरा वर्ण खाली लोंबतो, तर मराठीत तो बहुतेक वेळा शेजारी बसतो. दोन्ही लिप्या एकाच महिन्यात शिकणारं मूल 'घर' वाचताना 'घरअ' म्हणतं किंवा कन्नड शब्दांची शेपटं तोडतं. पालकांना वाटतं मूल मठ्ठ आहे. ते फक्त एकीचे नियम दुसरीला लावत असतं.

घरात मराठी असेल तर क्रम असा ठेवा :

- पहिले आठ-दहा महिने वाचन-लेखन फक्त मराठी. कन्नड आणि इंग्रजी रोज तोंडी : गाणी, सूचना, भाजी घेताना भाव विचारणं, बसचं नाव वाचून दाखवणं.
- मराठीत काना-मात्रा-वेलांट्यांसह नवा, न पाहिलेला परिच्छेद मूल न अडखळता वाचू लागलं की कन्नड लिपी.
- कन्नडची मुळाक्षरं आणि स्वरचिन्हं बसल्यावर इंग्रजी वाचन. सीबीएसईकडे जायचं असेल तर इंग्रजी आधी आणि कन्नड नंतर घेता येईल, पण एकावेळी नवी लिपी एकच.

पायरी २ मध्ये मुलाची विचाराची भाषा कन्नड निघाली, तर वाचनही कन्नडनंच सुरू करा. घरात मराठीचा अभिमान असला तरी हाच क्रम मुलाला सोपा जातो. अशा मुलाला मराठी लिपी नंतर लवकर येते.

> तपासा : दुसरी लिपी सुरू करायची वेळ झाली का? 'निपुण भारत' अभियानानं ठरवलेल्या टप्प्यांचा आधार घ्या. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची, आधी न पाहिलेली वाक्यं वाचता यावीत. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तेही अर्थ कळून. पहिला टप्पा ओलांडला असेल तर नवी लिपी घ्यायला हरकत नाही.

## पायरी ४ : भाषेचं पुस्तक हातात घेऊन तपासा

आता पुस्तकं. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ, बालभारती आणि एनसीईआरटी या तिघांचीही पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात. विकत काही घेण्याआधी ती उतरवून घ्या. खासगी संच पाहायचा तर त्यालाही याच कसोट्या लावा.

अक्षरांचा क्रम. अ-आ-इ-ई पासून ज्ञ पर्यंत सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, आणि त्यानंतर शब्द, असा क्रम असेल तर ते पुस्तक मुख्य म्हणून घेऊ नका. त्यात मूल 'ङ' आणि 'ञ' घोकत बसतं आणि अनेक महिने एकही अर्थाचं वाक्य वाचत नाही. चांगल्या क्रमात चार-पाच अक्षरं आणि एक स्वरचिन्ह येताच वाचायला शब्द मिळतात. स्वतः करून पाहा : क, म, ल, र, ब आणि काना एवढंच घ्या. काका, मामा, बाबा, काम, लाल, कार, माल, बाक, बारा, कमाल. पहिल्या आठवड्यातच "मामा, काम कर" हे वाक्य मूल स्वतः वाचतं, आणि मामाला फोन करून वाचून दाखवतं. पुस्तकातल्या पहिल्या दहा पानांत मुलाला स्वतः वाचता येईल असं किती आहे, ते मोजा.

सारखी दिसणारी अक्षरं. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष या जोड्या एकाच धड्यात शिकवल्या असतील तर गोंधळ ठरलेला. एक पक्कं झाल्यावर बऱ्याच दिवसांनी दुसरं यावं.

एकाच अक्षराचे दोन आवाज. 'चाक' आणि 'चिमणी', 'जाळं' आणि 'जीभ'. पुस्तकानं हे लक्षात घेतलंय का? नसेल तर तुम्ही सांगा. मूल शब्द ओळखीचा असल्यानं योग्य आवाज आपसूक लावतं, फक्त त्याला घाबरवू नका.

जोडाक्षरं आणि रफार. हे दुसरीच्या मजकुरात सुटे सुटे यावेत. 'कर्म', 'क्रम', 'ट्रक', 'सुऱ्या' यांतले 'र' चार तऱ्हेनं लिहिले जातात. चारही एका दिवशी शिकवणारं पुस्तक बाजूला ठेवा.

बोलणं आणि ऐकणं. धड्याखाली फक्त 'रिकाम्या जागा भरा' आणि 'एका वाक्यात उत्तरे लिहा' असेल तर तो भाषेचा निम्माच अभ्यासक्रम आहे. चित्रावर बोला, गोष्टीचा शेवट बदला, आजीला विचारून या, असं काही हवं.

वाचायला भरपूर गोष्टी. पाठ्यपुस्तकातले पंधरा-वीस धडे वाचक घडवायला पुरत नाहीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी, कन्नड, कोकणी आणि इंग्रजीतल्या गोष्टी चार पातळ्यांत फुकट मिळतात. एकच गोष्ट आधी मराठीत आणि काही महिन्यांनी कन्नडमध्ये वाचता येते, आणि आपल्या मुलांसाठी ही फार मोठी सोय आहे. मोठ्यांनी वाचून दाखवायला बालभारतीचं 'किशोर' मासिक घ्या. १९७१ पासून ते निघतंय आणि जुने अंकही वाचायला मिळतात.

माझं मत विचाराल तर मराठी माध्यमाच्या वाटेवरच्या मुलाला कर्नाटकची मराठी पुस्तकं कणा म्हणून ठेवावीत आणि बालभारतीची जोडीला घ्यावीत. दोन्ही राज्यांची पुस्तकं पानापानानं 'पूर्ण' करायचा हट्ट मात्र धरू नका. कन्नडसाठी मराठी माध्यमाच्या मुलांकरता असलेलं कन्नडचं पुस्तक घ्या, कन्नड माध्यमाच्या पहिलीचं नको. ते घरी कन्नड बोलणाऱ्या मुलासाठी लिहिलेलं असतं. इंग्रजीसाठी एनसीईआरटीचं पहिली-दुसरीचं 'मृदंग' चालेल.

> सावधान : पुस्तकाचं वर्ष पाहा. पाठ्यपुस्तकं अधूनमधून बदलतात आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात मागची आवृत्ती हाती पडते. वाचनासाठी ती चालेल. ज्या शाळेत परतायचं आहे तिथली मुख्य पुस्तकं मात्र चालू वर्षाचीच घ्या.

## पायरी ५ : विज्ञानासाठी आधी परिसर, नंतर पुस्तक

आठ वर्षांखालच्या मुलासाठी 'विज्ञान' नावाचा वेगळा विषय शोधू नका. एनसीईआरटी आणि महाराष्ट्र या दोघांकडे परिसराचं स्वतंत्र पुस्तक तिसरीपासून येतं. कर्नाटकात परिसर अध्ययन असतं आणि नलीकलीच्या, म्हणजे खेळ-कृतींतून शिकवणाऱ्या सरकारी पद्धतीच्या वर्गांत ते भाषेच्या कृतींमध्ये गुंफलेलं असतं. तरीही पाच वर्षांच्या मुलासाठी ज्वालामुखीचा संच आणि सूर्यमालेचे तक्ते घेतले जातात. ग्रहांची नावं पाठ होतात आणि अंगणातली सावली सकाळी कुठं पडते, हे सांगता येत नाही.

पुस्तक किंवा संच निवडताना चार प्रश्न विचारा.

- धडा सुरू होण्याआधी मुलाला काही पाहायला, मोजायला, जमवायला सांगितलंय का? की आधी व्याख्या आणि मग चित्र?
- लागणारं साहित्य स्वयंपाकघरात, परड्यात, शिवारात मिळतं का?
- मुलाचा अंदाज आधी विचारला जातो का? उत्तर पुढच्याच ओळीत छापलेलं असेल तर प्रयोगाला अर्थ उरत नाही.
- नोंद ठेवायला जागा आहे का, चित्र काढून चालेल का?

या कसोटीला उतरणारं साहित्य आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची तिसरी ते पाचवीसाठीची 'स्मॉल सायन्स' मालिका पाठ्यपुस्तक, कार्यपुस्तिका आणि शिक्षकपुस्तिका अशा तीन भागांत आहे. शिक्षकपुस्तिका पालकांनी मुद्दाम वाचावी. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायच्या कृती आणि भरपूर मराठी पुस्तकं फुकट आहेत. बालभारतीचं तिसरीचं 'परिसर अभ्यास' जिल्हावार निघतं. बेळगाववाले पालक कोल्हापूरची आवृत्ती घेतात, ती भाषेला जवळचीही वाटते. पण त्यातले जिल्ह्याचे धडे वगळून आपला जिल्हा घाला : कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा, घटप्रभेवरचं हिडकल धरण आणि गोकाकचा धबधबा, शहराला पाणी देणारं राकसकोप, खानापूरकडची लाल माती आणि पूर्वेकडची काळी.

वर्षाचा क्रम पुस्तकावर न सोडता आपल्या हवेवर ठरवा.

जून-जुलै. पाऊस मोजा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा बसवा, तळाला खडे घाला आणि खड्यांच्या वरपर्यंत पाणी ओतून तिथं शून्याची रेघ मारा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मिलिमीटर मोजा, हवामान खातंही त्याच वेळेला मोजतं. मोजून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणा. खानापुरातल्या मामेभावानं त्याच दिवशी तिकडे मोजलं आणि तुम्ही शहरात, तर घाटाकडे पाऊस किती जास्त पडतो, ते मूल स्वतः काढतं.

ऑगस्ट-ऑक्टोबर. बी, रोप, कीटक. इथं एक प्रयोग सविस्तर सांगते, कारण तो बहुतेक घरांत चुकतो. मूग भिजवून ओल्या फडक्यात ठेवले, मोड आले, "पाहिलंस?" म्हणून संपवलं, असं होतं. यात मुलानं काहीच शोधलं नाही. तीन वाट्या घ्या. पहिलीत कोरडे मूग, दुसरीत ओल्या फडक्यातले, तिसरीत पूर्ण पाण्यात बुडालेले. प्रत्येकीत दहा दाणे. आधी विचारा, "कुठले आधी फुटतील? का?" मूल जे म्हणेल ते चुकीचं असलं तरी तसंच लिहा. रोज एकाच वेळी प्रत्येक वाटीतले मोड मोजा आणि चित्र काढा. तिसऱ्या वाटीतलं पाणी बदलू नका, त्याला वास येऊ द्या. मग बुडालेल्या दाण्यांना काय कमी पडलं असेल, हा प्रश्न मुलापुढे ठेवा आणि उत्तर सांगू नका. नंतर भाताच्या लावणीचं पाण्यातलं रोप दाखवलं की मूल स्वतःच म्हणतं, "मग हे कसं जगतं?" तो प्रश्न वहीत लिहून घ्या. दुसरी-तिसरीत त्याचंच उत्तर शोधता येईल.

नोव्हेंबर-जानेवारी. सुगी, रताळी काढणं, गुऱ्हाळ. रस उकळून घट्ट का होतो, वाफ कुठं जाते. गुऱ्हाळावर कढईपासून मूल लांब ठेवा. याच दिवसांत सावली मोजा. तीस सेंटिमीटरची काठी सपाट जमिनीवर उभी करा. २२ डिसेंबरच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली साधारण २४-२५ सेंटिमीटर भरते.

फेब्रुवारी-मे. खानापूरची कुंभारमाती : ओली, सुकलेली, भाजलेली, अशा तिन्हींत पाणी टाकून काय होतं ते पाहा. उन्हात ठेवलेल्या ताटातलं पाणी किती दिवसांत आटतं, ते नोंदा. मेच्या सुरुवातीला तीच काठी पुन्हा उभी करा. बेळगावात त्या दिवसांत भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि काठीची सावली दिसेनाशी होते. डिसेंबरचं पान शेजारी ठेवा. ऑगस्टच्या सुरुवातीलाही हे घडतं, पण तेव्हा ढग असतात.

> सावधान : सूर्याकडे थेट पाहू देऊ नका, सावलीकडेच पाहायचं. साठलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या पाहून झाल्या की ते पाणी जमिनीवर ओतून टाका.

## पायरी ६ : दोन्ही विषय एका वहीत आणा

भाषा वेगळी आणि विज्ञान वेगळं ठेवलं की दोन्ही कोरडी होतात आणि पालक दमतात. कोरी वही ही निरीक्षणाची वही. पाच वर्षांचं मूल चित्र काढेल आणि सांगेल, तुम्ही त्याच्या शब्दांत खाली लिहा : "मूग फुगल्यात. एकाला शेपूट आलंय." भाषा सुधारू नका. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य त्याला वाचायला द्या. स्वतःचं वाक्य मूल सगळ्यात आधी वाचतं. सातव्या वर्षापासून ते स्वतः लिहील.

शब्द आधी मराठीत पक्के होऊ द्या : मोड, मूळ, खोड, वाफ, आटणं. मग त्याच वस्तू हातात धरून कन्नड आणि इंग्रजी नावं तोंडी घ्या. उलट केलं तर इंग्रजी शब्द पाठ होतो आणि वस्तू ओळखता येत नाही.

वेळेचं म्हणाल तर पाच-सहा वर्षांच्या मुलाला एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुरेत. दिवसभरात लेखन-वाचनाचा मिळून तासभर. मोठ्यानं वाचून दाखवणं यात धरू नका, ते रोज झोपण्याआधी वेगळं.

## पायरी ७ : महिनाभर चालवून पाहा, मगच खर्च करा

निवडलेल्या पुस्तकातले दोन-तीन धडे झेरॉक्स काढून चार आठवडे चालवा. या काळात पूर्ण संच, वर्षाची वर्गणी किंवा ॲप घेऊ नका. चौथ्या आठवड्याच्या शेवटी पाहा :

- मूल वही स्वतःहून काढतं का, की रोज ओरडावं लागतं?
- पहिल्या आठवड्यात न येणारं असं काय आता येतं, ते एका वाक्यात सांगता येतं का?
- शिकवणाऱ्या माणसाला तयारीला रोज किती वेळ लागतो? तासाहून जास्त लागत असेल तर तो अभ्यासक्रम चांगला असला तरी तुमच्या घरी टिकणार नाही.
- कन्नड खरंच रोज कानावर पडतंय का? या प्रश्नाचं उत्तर लेखी द्या, कारण इथं स्वतःची समजूत घालणं फार सोपं असतं.

एकाच ठिकाणी अडत असेल तर तेवढंच बदला. वाचन अडलं म्हणून विज्ञानही बदलू नका. दर दोन महिन्यांनी अभ्यासक्रम बदलणाऱ्या घरात मूल कुठल्याच क्रमाच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही. चाचणीनंतर ठरलेला क्रम निदान दिवाळीपर्यंत हलवू नका.

## पायरी ८ : फाईल

दर तीन महिन्यांनी फाईलमध्ये ठेवा : मुलानं स्वतः लिहिलेलं एक पान तारखेसह, निरीक्षणाच्या वहीतल्या दोन पानांची प्रत, वाचलेल्या पुस्तकांची यादी, आणि मराठी, कन्नड, इंग्रजी या तिन्हींत काय येतं याची चार ओळींची नोंद. शाळाबाह्य मुलांची चौकशी करायला कुणी घरी आलं तर हीच फाईल दाखवा, वाद घालू नका.

प्रवेश घ्यायच्या आधीच्या डिसेंबरात त्या शाळेत जाऊन भेटा आणि त्या वर्गाची कन्नड आणि मराठीची पुस्तकं मुलाला तिथंच उघडून वाचायला द्या. कुठं अडतं ते त्याच दिवशी कळेल. जानेवारी ते मे हे पाच महिने फक्त त्या अडलेल्या भागासाठी ठेवा, बहुतेक घरांत तो कन्नडचा असतो. त्या काळात विज्ञानाचं नवं पुस्तक उघडू नका, पण निरीक्षणाची वही चालू राहू द्या.